करकोच्यांचं पाणी

३ जुलै

भाऊजी,

फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही "हो हो, बघतो" म्हणता आणि ठेवून देता. म्हणून लिहितेय.

काल तुमच्या जलविभागाचा हुकूम आला. पंधरा जुलैच्या आत बांधावरचा दरवाजा पूर्ण उघडायचा आणि पाणथळीतलं पाणी चार फुटांनी उतरवायचं. पुढे तिथे भराव टाकून गोदामं बांधायची आहेत, आणि त्याच्या मोजणीला कोरडी जमीन हवी आहे म्हणे. कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे? मोजायला उन्हाळा कमी पडला का?

तुम्हाला ठाऊक आहे, आठ दिवसांपूर्वी करकोच्यांच्या जोडीने लव्हाळ्यात घरटं घातलंय. तुमच्या कागदांत त्यांना क्रौंच म्हणतात. करडे, लाल डोक्याचे, उभे राहिले तर माझ्या खांद्याला लागतील एवढे. मी बांधावरून दुर्बिणीने बघते, जवळ जात नाही. दोन अंडी आहेत. पूर्वी या दिवसांत इथे नऊ-नऊ जोड्या मोजल्यात मी. आता ही एकच उरली.

घरटं म्हणजे काय, तर गुडघाभर पाण्यात रचलेला लव्हाळ्यांचा ढीग. झाड नाही, आडोसा नाही. भोवतालचं पाणी हेच त्यांचं कुंपण. ते काढलं की बाजाराकडची कुत्री चालत घरट्यापर्यंत जातील. हे सांगायला विद्वान लागत नाही, डोळे लागतात.

आणि हुकुमात खाली काय लिहिलंय ते वाचा, मी जसंच्या तसं उतरवते: "सदर ठिकाणी क्रौंच पक्ष्यांची वीण होत नाही, असे स्थानिक कर्मचाऱ्याच्या लेखी निवेदनावरून स्पष्ट होते."

कोण हा स्थानिक कर्मचारी? इथे जलविभागाची नोकरी करणारी मी एकटी. तुमचे दादा गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं, त्याला अकरा वर्षं झाली. बाकी इथे बेडूक आहेत, पण ते पगारी नाहीत.

तुम्ही मुख्य कचेरीत बसता. फाईल शोधा, ते निवेदन कोणाचं ते बघा आणि मला लगेच कळवा. अशा थापाड्याला मला एकदा बघायचंय.

तुमची वहिनी

*

८ जुलै

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. चौकशी केली. फाईल सध्या वर गेलेली आहे, त्यामुळे निवेदन कोणाचं ते नक्की कळलं नाही. कोणी तरी जुना माणूस असेल. असे कागद खूप वर्षं इकडून तिकडे फिरत असतात. तुम्ही त्यावर डोकं शिणवू नका.

एक सांगू का? हा निर्णय फार वरून आलाय. तुम्ही-आम्ही मधे पडून तो बदलणार नाही. आणि पक्षी शहाणे असतात. इथे जमलं नाही तर दुसरीकडे जातील. त्यांना पंख आहेत, आपल्याला नाहीत.

तुमच्या हाताने ते व्हावं असं वाटत नसेल, तर माझं ऐका. बारा तारखेपासून आठवडाभर रजा टाका. इकडे या. हिचा गुडघा पुन्हा सुजलाय, तुमच्याशी गप्पा मारून तिला बरं वाटेल. दरवाजा तेवढ्यात दुसरा कोणी उघडेल. तुमच्यावर काही येणार नाही, आणि नोकरीही शाबूत राहील.

दादा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

तुमचा,
धाकटा

*

११ जुलै

भाऊजी,

रजा टाकू? म्हणजे घर जळताना शेजारी चहाला जाऊन बसू आणि परत आल्यावर "अगं बाई, कसं झालं हो?" म्हणू?

आणि तुमच्या दादांना यात ओढू नका. ते काय म्हणाले असते हे मला विचारा. तेरा वर्षं त्यांच्याबरोबर त्या दरवाजाचं चाक फिरवलंय मी. एका वर्षी असाच तोंडी निरोप आला होता, तेव्हा ते म्हणाले, "अंडी आहेत तोवर हात लावणार नाही, लेखी द्या." लेखी कोणी दिलं नाही. आता द्यायला लागलेत, एवढाच फरक.

पक्ष्यांना पंख आहेत म्हणता. अंड्यांना आहेत का?

काल उपअभियंता आला होता, जीपमधून. खाली उतरला नाही, बूट खराब होतील म्हणून. काच खाली करून विचारतो, "बाई, दरवाजा अजून बंद कसा?"

मी म्हटलं, "पाणी आत राहावं म्हणून. दरवाजे त्यासाठीच असतात."

"हुकूम वाचता येतो ना?"

"येतो. म्हणूनच उघडला नाही. त्यात खोटं लिहिलंय. खाली या, बांधावर पाच मिनिटं उभे राहा, खोटं काय ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल."

तो म्हणाला, "मला दोन पक्षी बघायला पाठवलेलं नाही."

नेमकं तेव्हाच त्या दोघांनी गळे ताणून साद घातली. तुम्ही ऐकलीय ती, मैलभर जाते. ड्रायव्हर बिचारा खिडकीतून डोकं काढून बघायला लागला. साहेबांनी काच वर केली.

मी लेखी उत्तर पाठवलंय. अकरा वर्षांच्या नोंदवहीतली सगळी मोजणी उतरवून दिली, तारखांसकट: किती जोड्या, किती घरटी, किती पिल्लं उडाली. शेवटी लिहिलं, की अंड्यांतून पिल्लं निघून चालू लागेपर्यंत मी दरवाजा उघडणार नाही. त्यावर आज सकाळी उत्तर आलं: सतरा तारखेला मुख्य कचेरीत सुनावणी. बोलावणं माझं आहे, पक्ष्यांचं नाही, हे नशीब.

सोळाला दुपारी निघते. मुक्काम तुमच्याकडे. जाऊबाईंना सांगा, गुडघ्याला लावायला तेल आणते. आणि तुम्ही सुनावणीला माझ्या शेजारी बसा. बोलला नाहीत तरी चालेल. आपलं कोणी तरी शेजारी असलं की बरं पडतं.

तुमची वहिनी

*

१४ जुलै

वहिनी,

घाईत लिहितोय. सोळा-सतराला आम्ही इथे नाही. हिच्या आईची तब्येत अचानक बिघडली, तिकडे जावं लागतंय. घराची किल्ली शेजारच्या शिंपीणबाईंकडे ठेवली आहे. जेवणाची सोय त्या करतील.

सुनावणीत फार बोलू नका. "गैरसमज झाला, हुकूम पाळते" एवढं म्हटलंत तर तिथल्या तिथे प्रकरण मिटेल. माझं ऐका.

धाकटा

*

१८ जुलै

भाऊजी,

कुठून सुरुवात करू?

काल सकाळी दहाला मला आत घेतलं. लांब टेबल, पलीकडे तिघं. मधल्या मोठ्या साहेबांनी फाईल उघडली आणि विचारलं, "बाई, इथे क्रौंच घरटी करतात असं तुमचं म्हणणं?"

"म्हणणं नाही, मी रोज बघते."

"मग हे काय?" म्हणून त्यांनी एक कागद वाचला. "करकोचे आले नाहीत. एकही घरटं नाही." मग माझ्याकडे बघून हसले. "हे निवेदन तुमचंच ना?"

मी असं निवेदन कधी दिलं? मग एकदम लक्षात आलं. हे शब्द माझेच होते. कचेरीला लिहिलेले नव्हते, भाऊजी. तुम्हाला लिहिलेले होते. दोन वर्षांपूर्वी, दुष्काळात, घरच्या पत्रात. जाऊबाईंच्या ऑपरेशनची चौकशी होती त्याच पत्रात.

आणि मी काय लिहिलं होतं? मला ते पाठ आहे, कारण ते लिहिताना मी रडत होते. "यंदा करकोचे आले नाहीत. एकही घरटं नाही. पाणथळीत नुसती भेगाळलेली माती. पाणीच नाही, तर कुठे बसतील बिचारे? पाणी भरू दे, बघा, पहिले तेच येतील."

'यंदा' काढलंत. पुढचं सगळं काढलंत. उरलेली दोन वाक्यं टाईप केलीत, खाली "खरी नक्कल" असा शिक्का मारलात आणि त्यावर सही केलीत. तुमचं अक्षर मी लग्नपत्रिकेवरच्या पत्त्यातही ओळखते, मग सही ओळखणार नाही? साहेबांनी कागद माझ्यापुढे धरला होता. त्या सहीवर बोट ठेवून मी म्हटलं, "ही नक्कल खोटी आहे. मूळ पत्र मागवा." तर ते म्हणाले, "ज्यांची सही आहे ते अधिकारी रजेवर आहेत."

रजेवर! बाहेर आले तर शिपाई मला ओळखून म्हणतो, "अहो, साहेब आत्ताच मागच्या जिन्याने खाली गेले. तुमची चुकामूक झाली वाटतं." मी खिडकीतून बघितलं. अंगणातून छत्री तोंडावर ओढून तुम्ही चालला होतात. छत्री ओढली म्हणून माणूस लपतो का? पाठ ओळखू येते.

त्या थापाड्याला बघायचंय, असं मीच तुम्हाला लिहिलं होतं. ते वाचताना तुम्हाला काय वाटलं?

मला निलंबित केलं. बांधावरची खोली सोडायची नाही, पण दरवाजाला हात लावायचा नाही. वीस तारखेला दुसरा माणूस येऊन चाक फिरवणार.

तुमच्या घरी मी राहिले नाही. शिंपीणबाईंना तेलाची बाटली देऊन शेवटच्या गाडीने परत आले.

मला एकच गोष्ट हवी. माझं ते पत्र तुमच्याकडे आहे. तुम्ही कागद टाकून देणारे नाही, हे मला माहीत आहे. ते पूर्ण पत्र फाईलला लावा. वीस तारखेच्या आत.

वहिनी

*

२९ जुलै

वहिनी,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. वीस तारीख उलटून गेली, हे मला कळतं.

झालं ते सांगतो. सफाई म्हणून सांगत नाही. मार्चमधे मोठ्या साहेबांनी विचारलं, "त्या पाणथळीवर तुमच्या नात्यातलं कोणी आहे ना?" मी फुशारकीने सांगितलं, की माझी वहिनी अकरा वर्षं पक्षी मोजते, तिच्याएवढं कोणाला माहीत नाही. ते म्हणाले, "मग तिचं काही लेखी आणा. तिथे पक्षी नाहीत असं एक ओळभर मिळालं तरी पुरे." मी म्हटलं, तसं नाहीये, फक्त एका दुष्काळी वर्षात... त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "तेच आणा. आणि विभागप्रमुखाची जागा पुढच्या महिन्यात भरायची आहे, लक्षात ठेवा."

मी घरी येऊन पत्र काढलं. 'यंदा' या शब्दावर पाच मिनिटं पेन धरून बसलो होतो. मग स्वतःला समजावलं, की गोदामं कुठे होतात, अशा शंभर योजना कागदावरच राहतात. एका शब्दाने काय होतंय?

विभागप्रमुखाची खुर्ची मिळाली. तुम्ही अभिनंदनाचं पत्र पाठवलं होतंत.

सतराला मी कचेरीतच होतो. हिच्या आईला काहीही झालेलं नाही. हिला मी सांगितलं होतं, की तुमचं येणं रद्द झालं. शिंपीणबाईंनी तेलाची बाटली आणून दिली तेव्हा तिला खरं कळलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

पूर्ण पत्र आता दिलं, तर खोटी नक्कल खरी म्हणून दिल्याचा गुन्हा माझ्यावर येईल. मला भीती वाटते, वहिनी. तुम्हाला माफ करता आलं तर बघा.

पाण्याचं काय झालं?

धाकटा

*

२ ऑगस्ट

भाऊजी,

पाण्याचं काय झालं विचारता. ऐका मग.

वीसला सकाळी नवा माणूस आला. चांगला माणूस, कालव्यावरचा. चाकाला हात लावण्याआधी म्हणाला, "बाई, मला घरी तीन तोंडं आहेत." मी म्हटलं, "फिरवा. तुमच्याशी माझं भांडण नाही." त्याने चाक फिरवलं आणि पाणी असं गडगडत गेलं, की मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

एकवीसला पाणी मोजायच्या पट्टीवर दीड फूट उतरलेलं. बाविसला घरट्याभोवती चिखल. मादी उठेना. नर दिवसभर तिच्या भोवती फेऱ्या घालत होता. मी आणि पलीकडची मासेवाली, आम्ही दोघींनी बाजाराच्या बाजूला उभं राहून काठ्यांनी कुत्री हाकलली. पण पाणथळ केवढी, आणि आम्ही दोघी.

तेविसला दुपारी तीन कुत्री पलीकडून शिरली. चिखलातून चालत गेली, अगदी आरामात. नर पंख पसरून त्यांच्या अंगावर धावला. एकाला चोचीने असं मारलं, की ते केकाटत पळालं. मादी दुसऱ्यावर गेली. तेवढ्यात तिसऱ्याने घरट्यात तोंड घातलं. मी ओरडत चिखलात उतरले, मांडीपर्यंत रुतले. मासेवालीने जाळं टाकून मला ओढून काढलं. मी बाहेर आले तोवर घरट्यात काही उरलं नव्हतं.

दोघं संध्याकाळपर्यंत त्या रिकाम्या ढिगाशी उभे होते. ओरडलेसुद्धा नाहीत.

तुमच्या त्या पाच मिनिटांची ही हकिगत. तुम्हाला कळावी म्हणून बारीकसारीक लिहिली.

माफी मागता. माझ्या माफीने दरवाजा बंद होणार आहे का? माझा राग ही घरातली गोष्ट आहे, ती मी आणि तुम्ही कधी तरी बघून घेऊ. पण पाणी ही घरातली गोष्ट नाही. ही जोडी अजून गेलेली नाही. पाणी महिनाभरात परत चढलं, तर ते पुन्हा घरटं घालतील. असं एकदा झालेलं माझ्या वहीत आहे. नाही चढलं, तर जातील, आणि मग तुमची ती खोटी नक्कल खरी होईल.

भीती वाटते म्हणता. वाटू दे. मलाही वाटली होती त्या टेबलापुढे. भीत भीत पत्र द्या, पण द्या.

वहिनी

*

१२ ऑगस्ट

वहिनी,

दिलं.

तुमचं पत्र मी हिच्या हातात ठेवलं. तिने शेवटपर्यंत वाचलं, कपाटातून तुमचं जुनं पत्र काढलं, माझ्या डब्याच्या पिशवीत घातलं आणि म्हणाली, "आज हे देऊन आलात तर एकत्र जेवू."

आधी मोठ्या साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "वेड लागलंय का तुम्हाला? ती नक्कल तुम्ही दिलीत. बुडाल तर तुम्ही बुडाल."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"मग कशाला?"

मला भारी उत्तर सुचलं नाही, वहिनी. मी म्हटलं, "कुत्र्यांनी अंडी खाल्ली, साहेब." ते म्हणाले, "त्यात काय एवढं?" त्या क्षणी माझी भीती गेली असं लिहायला आवडलं असतं, पण नाही गेली. तसाच दोन मजले चढून साहेबांच्याही वरच्या सचिवबाईंकडे गेलो आणि मूळ पत्र, खोटी नक्कल आणि माझा लेखी जबाब, तिन्ही पोच घेऊन दिले. मोठ्या साहेबांनी काय सांगितलं होतं, तेही जबाबात लिहिलंय.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग 'यंदा'वर बोट ठेवून म्हणाल्या, "एवढा एकच शब्द तुम्हाला जड झाला होता का?"

दहा तारखेला स्थगिती निघाली. दरवाजा ताबडतोब बंद, डिसेंबरअखेरपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही, आणि पक्ष्यांची नव्याने पाहणी. तुमचं निलंबन मागे घेतलंय, पत्र वेगळं येईल. माझी खुर्ची गेली. चौकशी सुरू आहे, तोवर तळघरात जुन्या फायली लावतोय. मोठे साहेब आहेत तिथेच आहेत. ते म्हणतात, "मी तोंडी असं काही बोललोच नाही."

मी यावं का? तुम्ही म्हणाल तरच येईन.

धाकटा

*

२७ सप्टेंबर

भाऊजी,

उत्तराला उशीर केला, मुद्दाम केला. मनात फार होतं, ते सगळं कागदावर आलं असतं तर तुम्ही आयुष्यात इकडे फिरकला नसतात.

अकरा ऑगस्टला मी स्वतः दरवाजा लावला. वरून पाणी भरपूर येत होतं, आठ दिवसांत ते पट्टीवर जुन्या खुणेला आलं. जोडी पार पलीकडच्या टोकाला गेली होती. सतराला नराने चोचीत लव्हाळं धरलेलं दिसलं. मी दुर्बीण खाली ठेवली, परत उचलली. दुसरं लव्हाळं. नवं घरटं जुन्यापासून लांब, खोल पाण्यात घातलं. या वेळी अंडं एकच.

पाहणीला शहरातून एक प्राध्यापकबाई आल्या. सहा तास बांधावर बसल्या, चहासुद्धा उभ्या उभ्या घेतला. जाताना माझी नोंदवही मागितली. मी म्हटलं, वही मिळणार नाही, इथे बसून उतरवून घ्या, आणि उतरवलेलं मला वाचून दाखवा. त्यांना राग आला नाही. शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवलं.

परवा अंडं फुटलं. पिल्लू तपकिरी आहे, मुठीएवढं. काल ते घरट्यावरून पाण्यात पडलं आणि पोहत परत वर चढलं. मासेवाली एवढ्या जोरात टाळ्या वाजवायला लागली, की मला तिचा हात धरावा लागला.

ते उडायला डिसेंबर संपेल. स्थगितीही नेमकी तेव्हाच संपते. काल उपअभियंता येऊन गेला. या वेळी जीपमधून उतरला, कारण जानेवारीच्या मोजणीसाठी खुंट्या कुठे ठोकायच्या ते त्याला बघायचं होतं. म्हणजे यांनी काही सोडलेलं नाही. ज्याने मागितलं तो खुर्चीवर, आणि ज्याने कबूल केलं तो तळघरात, असा तुमच्या कचेरीचा न्याय. मी सचिवबाईंना लिहिलंय. पोच आली नाही, तर स्वतः जाऊन त्यांच्या दारात बसेन.

तुम्हाला माफ केलं का, हे मला अजून माहीत नाही. दोन अंडी गेली, ती डोळ्यांपुढून हलत नाहीत. पण तुम्ही दोन मजले चढलात, हेही मी विसरलेली नाही.

रविवारी या. जाऊबाईंना घेऊन या. बांधावर बसायला दोन माणसं कमी पडतात, कुत्री अजून बाजाराकडे आहेतच. येताना गमबूट आणा, तुमच्या पायाचे इथे नाहीत. आणि आल्यावर पहिला दिवस माझ्याशी फार बोलू नका. मी अजून रागात आहे.

वहिनी